नारिंगी सॉस

“मीठ नाई,” गोदावरीबाई म्हणाल्या आणि अर्धा चावलेला रोल त्यांनी ताटाच्या कडेला ठेवून दिला. “माती चावून राहिल्यासारखं लागते.”

चिकनचे तुकडे तृप्तीनं दही आणि आलं-लसणात चांगले मुरवले होते, कॉर्नफ्लोअरात घोळून कुरकुरीत तळले होते. मैद्याची पातळ पोळी, आत कोबी-कांदा, आणि बुडवून खायला वाटीत नारिंगी सॉस. नागपूरला शिकताना मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये खायची, हुबेहूब तसा. मेयोनीज, टोमॅटो सॉस, तिखट, परतलेला लसूण, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. शेजारच्या हर्षानं मघाशी वाटी बोटानं पुसून खाल्ली होती. सासूबाईंना मात्र माती लागली.

“सॉसमध्ये बुडवून खा न आई.”

“बुडवूनच खाल्लं. नुसतं झोंबते. चव कुठी हाय त्याच्यात?”

सकाळपासूनची ही तिसरी वाटी. पहिलीत मीठ कमी, दुसरीत मीठ कमी आणि आंबटाचा पत्ता नाही. तृप्ती दर वेळी निमूटपणे मीठ वाढवत होती आणि मनातल्या मनात सासूचा उद्धार करत होती.

पवनीच्या बसस्टँडजवळची तुलारामभाऊंची खोली रिकामी झाली होती. तिथं हे रोल विकायचे, असं तृप्तीनं मनाशी पक्कं केलं होतं. लग्न झाल्यापासून ती या घरात कांदेच चिरत आली होती. आता तिला स्वतःचं असं काहीतरी हवं होतं. तुलारामभाऊंना आज संध्याकाळी होकार द्यायचा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती. आणि तिचा नवरा कैलाश एकच धोशा लावून बसला होता. आई चांगलं म्हणाली तरच.

याचं कारण गोदावरीबाईंची जीभ. अख्ख्या पवनीत तिला मान. लग्नाकार्यात रस्सा त्यांच्या देखरेखीखाली व्हायचा, आणि आचारी त्यांना विचारल्याशिवाय पंगत बसवायचा नाही. लांबून वास घेऊन सांगायच्या, मीठ टाका रे अजून.

गेल्या हिवाळ्यात त्या तापानं फणफणल्या, आणि उठल्या त्या चुलीला रामराम ठोकूनच. गुडघे दुखतात म्हणे. गुडघे ठणठणीत आहेत, सुनेला राबवायचा बेत आहे, हे तृप्तीनं कधीच ओळखलं होतं. वर जेवण निम्मं टाकायच्या. अंगावर हाडं तेवढी उरली होती, पण सुनेच्या हातचं पोटभर खाणार नाहीत. असला हट्ट!

चौथ्या वाटीसाठी तृप्तीनं लसूण तेलात टाकला आणि तेवढ्यात अंगणात मांजर चिकनच्या पिशवीला लागल्याचं दिसलं. ती धावली. परत येते तर लसणाचा कोळसा झालेला, जळका वास पार अंगणापर्यंत. गोदावरीबाई गॅसकडे पाठ करून तिथंच तांदूळ निवडत बसलेल्या.

“आई! तुमी इथीच बसल्या हा न!”

“मंग? लसूण तुवा टाकला. मले कायले बोलून राहिली?”

“हात लांबवून गॅस बंद करता येत नोता?”

“मी का तुह्या लसणाची राखण बसली हाव?”

मुद्दाम जळू दिला. आता शंकाच उरली नाही. तृप्तीचं डोकं फिरलं.

“तुमाले मी दुकान टाकावं हेच पायजे नाई. सरळ तसं सांगा न. चवीचं निमित्त कायले करता?”

गोदावरीबाईंचा सुपातला हात थांबला. “मी म्हटलं होतं का, मले चाखव म्हनून? तुमीच दोघं जन आनून आनून तोंडाशी धरता.” मग मान फिरवून त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

तृप्ती ओट्याशी गेली. डोळे पुसले. तिसऱ्या खेपेचा उरलेला चांगला सॉस कैलाशसाठी झाकून बाजूला ठेवला. मग त्यातलाच थोडा एका छोट्या वाटीत वेगळा काढला आणि तीत मुठीनं मीठ टाकलं. ढवळून कणभर जिभेवर ठेवलं आणि धावत मोरीत थुंकून आली. तोंड वाकडंतिकडं झालं. मीठ पाहिजे ना, घ्या म्हणावं! लेकाच्या समोर थुंकतील, तेव्हा ती म्हणणार होती, हे खारट. आणि झाकलेली वाटी पुढं ठेवून विचारणार होती, आता हे सांगा कसं आहे.

कैलाश आला तो फोन हातात घेऊनच. “तुलारामभाऊ विचारून राहिले. काय सांगू?” बोलला बायकोशी, पण बघत होता आईकडे.

तृप्तीनं ताट सासूपुढं ठेवलं. ताटात गरम रोल आणि ती छोटी वाटी. पाण्याचा तांब्या तिनं हळूच दूर सरकवला.

गोदावरीबाईंनी ताटाकडे पाहिलं नाही. सुनेच्या लाल डोळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग रोल उचलला, वाटीत चांगला खोल बुडवला आणि सावकाश चावला.

घास गिळला. दुसऱ्यांदा बुडवला. तोही गिळला. वाटीला लागलेला सॉस त्यांनी बोटानं निपटून काढला आणि बोट चाटलं.

“आता जमलं वं पोरी,” गोदावरीबाई म्हणाल्या. “मीठ कसं एकदम बरोबर पडलं. कैलाश, तुलारामले हो म्हनून सांग.”

तृप्तीची नजर त्या चाटूनपुसून रिकाम्या वाटीवरून ओट्यावरच्या जळक्या लसणाकडे गेली.