सरांची पिंपं

वसुधाने ओकच्या लाकडाच्या पिंपाचं बूच काढून हुंगलं, आणि आंबट वास नाकात झणझणला.

"मधासारखा ना?" भालेराव सरांनी कौतुकाने विचारलं. "कालच सगळी पिंपं हुंगून ठेवलीत तुझ्यासाठी."

वसुधाच्या छोट्या डिस्टिलरीत मोहाची पहिली दारू तयार होती. ती मुरवायला जुनी पिंपं हवीत म्हणून ती दिंडोरीला सरांच्या वायनरीत आली होती. वास ओळखायला तिला याच सरांनी शिकवलं होतं.

"सर, व्हिनेगर झालंय हो आत," ती कशीबशी म्हणाली.

सर हसले. मग त्यांनी वाकून हुंगलं, पुन्हा पुन्हा हुंगलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मला कसलाच वास येत नाही गं," ते म्हणाले. "तापातून उठल्यापासून जेवणालाही चव नाही. मधाचा वास मी नुसता आठवणीनेच घेत होतो की काय?"

ते मोठ्या टाकीपाशी गेले. यंदाची सगळी वाइन त्यांनी तापानंतर स्वतः चाखून पसंत केली होती. ग्लास भरून त्यांनी तिच्यापुढे धरला. "खरं सांग."

वसुधाने ग्लास नाकाशी नेला, आणि पुन्हा तोच आंबट वास आला. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला काही बोलावं लागलं नाही.