सगळ्यात निळं

झाकण थडथडलं आणि घरातली शांतता मोडली.

ती धावतच ओट्याशी गेली. भिंगरी नुकती कुठे झोपली होती, आणि भिंगरी झोपलेली असते तेवढाच तिचा कामाचा दिवस. तिने गॅस बंद केला. मोठं पातेलं उतरवून गार व्हायला खिडकीत ठेवलं. मग खोलीत डोकावून पाहिलं. लेक पालथी, एक पाय उशीवर, तोंड उघडं. देव पावला.

ती पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावर अख्खं शहर पसरलं होतं. पाणीपुरवठा कार्यालयाने गल्लोगल्लीच्या नळांचं पाणी तपासलं होतं. कुठे किती जंतू, त्याचे आकडे तिच्याकडे आले होते आणि त्यांचं तिला चित्र करायचं होतं. ‘आकडे कुणी वाचत नाही, साहेब. चित्र शेंबडं पोरही वाचतं.’ काम मिळवताना हे तिनेच मोठ्या टेचात ऐकवलं होतं.

पहिला नकाशा तिने सरळ केला होता. चांगलं पाणी हिरवं, बरं पिवळं, वाईट लाल. सगळ्यात लाल तिचीच गल्ली निघाली. आकडे ओळखपाळख ठेवत नाहीत.

नकाशा पोचला तसा साहेबांचा फोन आला.

“मॅडम, झकास! फक्त ते लाल जरा अंगावर येतं हो.”

“साहेब, तिथे जंतू आहेत.”

“असतील ना! मी कुठे नाही म्हणतोय? पण पाणी कधी लाल असतं का? निळं ठेवा सगळं. फिकट, मध्यम, गडद. शास्त्राला धरूनही झालं आणि डोळ्यांनाही गार.”

साहेबांना रंगांची जाण होती, हे मानावंच लागेल. आणि सचोटी तर विचारू नका! एकही आकडा बदलायचा नाही, यावर ते ठाम होते. ‘गडद निळा म्हणजे जंतू जास्त’ ही ओळसुद्धा काढायची नव्हती. ती फक्त खाली कोपऱ्यात घ्यायची होती, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मोठी जागा लागणार होती ती थेंबाला. हसरा थेंब, डोक्यावर टोपी, अंगठा वर.

थेंब फार गोड उतरला. तिने त्याच्या गालांना खळ्याही पाडल्या. साहेब इतके विरघळले की पुढच्या वर्षाचं सगळं काम तिलाच देऊन बसले. “आज अंतिम प्रत पाठवा. उद्या छापतो, परवा प्रत्येक जिन्यात लावतो.”

जिन्यावरून तिला सकाळची वहिनी आठवली. खालच्या मजल्यावरची. कडेवर बाळ, सुकलेल्या पालेभाजीसारखं मान टाकून पडलेलं.

“पोटच थांबत नाहीये हो याचं. दात येत असतील,” वहिनी म्हणाली होती. “ताई, तुमचं ते पाण्याचं चित्र कधी लागतंय? मला बाई आकड्यांतलं काही कळत नाही. चित्र बघितलं की जीव भांड्यात पडेल.”

“परवा,” एवढंच म्हणून ती भराभर वर आली होती.

आता तिने नकाशा पुन्हा एकदा निरखला. खोटं कुठे काय होतं? ओळ होती. ज्याला वाचायची त्याने वाचावी. डोळे दिलेत ना देवाने? तिने बाण ‘पाठवा’वर नेला.

“आई.”

भिंगरी मागे उभी होती. गालावर उशीच्या सुरकुत्या. ती मांडीवर चढली, थेंबाला बघून खुदकन हसली, आणि तिनेही अंगठा वर केला.

“आपलं घर कुठंय यात?”

आईने दाखवलं. भिंगरीचं बोट नकाशावरून फिरू लागलं. फिकट गल्ल्या, त्यांच्याहून निळ्या गल्ल्या, मग आपली. तिचा चेहरा उजळला.

“आई! आपलं सगळ्यात निळं! आपलं पाणी पहिलं आलं?”

चित्र उत्तम जमलं होतं. शेंबड्या पोरीने बिनचूक वाचलं होतं. समोर थेंब अंगठा वर करून उभा. त्याच्या देखत ती दुसरं काय बोलणार?

“हो गं सोन्या,” ती म्हणाली.

पहिल्या नंबराचा आनंद भिंगरीच्या अंगात मावेना. ती मांडीवरून घसरली, आपला पेला घेतला, स्टुलावर चढली आणि तिने नळ सोडला.

“ते नको!”

आई उडी मारून ओट्याशी पोचली. तिने लेकीच्या हातातून पेला हिसकावला. अर्धं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं. “ते नाही प्यायचं. थांब, पातेल्यातलं देते.”

भिंगरी रडली नाही. तिने खिडकीतल्या पातेल्याकडे पाहिलं. मग लॅपटॉपमधल्या थेंबाकडे. मग आईकडे.

“खालचं बाळ तर नळाचंच पितं,” ती म्हणाली. “मग आपणच का उकळतो?”