गोष्टीतला माणूस

अड्याळच्या जंगलाला लागून वीरेंद्रभाऊंनी तंबू टाकले, तेव्हापासून दर शनिवारी नागपूरची मंडळी आपली चिल्लीपिल्ली घेऊन कॅम्पिंगला येऊ लागली. दामिनी तिथं भाकरी थापायची आणि जेवणं उरकली की शेकोटीपाशी पोरांना वाघाची गोष्ट सांगायची. तिला एकच गोष्ट यायची. एक माणूस मोहफुलं वेचायला जातो, वाकून वाकून टोपली भरतो, आणि मागून दबकत वाघ येतो.

एका शनिवारी गोष्टीचा शेवट ऐकून दोन पोरांनी रडून अख्खा कॅम्प डोक्यावर घेतला.

"लोकं इथं मजा कराले येतेत वो," वीरेंद्रभाऊ दामिनीवर खेकसले. "त्या माणसाले मारतं कायले? वाचव ना त्याले. गोष्टच तं आहे!"

हातातलं काम जाईल, म्हणून दामिनीनं मान डोलावली. पुढच्या शनिवारी माणूस सरसर झाडावर चढला, वाघ कंटाळून निघून गेला, आणि माणूस भरली टोपली डोक्यावर घेऊन घरच्या वाटेला लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. भाऊही खूश झाले.

दामिनीची चार वर्षांची लेक एरवी गोष्ट संपायच्या आत तिच्या मांडीवर झोपून जायची. त्या दिवशी मात्र ती टक्क जागी होती. घरी आल्यावर तिनं आईचा हात धरला.



"आई, दाराले कडी नोको लावू. बाबा येऊन राहिला ना!"