पेशींचं खाणं

पुण्याच्या प्रयोगशाळेत ललित उंदराच्या गर्भातल्या मूळपेशींमधून एक जनुक काढून टाकायचा आणि त्यांचं विभाजन कुठं अडतं ते बघायचा. "त्यांना रोज ताजं खाणं द्यावं लागतं, निघताच येत नाही," असं तो एसटीडी बूथवरून आईला सांगायचा.

"आधीच त्यांचं एक काढून घेतलंस, वर उपाशी नको ठेवू. राहू दे येणं," अंथरुणाला खिळलेली नवसाबाई म्हणायची.

आईच्या दहाव्याला रामकुंडावर धाकट्या बहिणीनं, सुवर्णानं सहज विचारलं, "दादा, इतके दिवस तू इथं. तिकडं त्यांना खायला कोण घालतंय?"

"गोठवून ठेवल्यात. मग वर्षभर काही लागत नाही."



"आईला हे माहीत नव्हतं," सुवर्णा म्हणाली. "शेवटच्या दिवशीसुद्धा विचारत होती, त्यांनी खाल्लं का म्हणून."