खिडकीतली कोय

"ही कोय तुला दिली कुणी?" माईंनी विचारलं.

सून ओट्याशी उभी राहून अवोकाडोच्या कोयीला दात कोरायच्या काड्या टोचत होती. काड्या ग्लासाच्या काठावर टेकल्या, कोयीचं बूड पाण्यात गेलं, टोक वर राहिलं.

"आमच्या दुकानातल्या एकांनी."

"चष्म्याच्या दुकानात कोयी कधीपासून मिळायला लागल्या?"

"मागच्या खोलीत काचा घासतात ना, त्यांनी. त्यांच्या घरी कोयीपासून वाढवलेलं झाड आहे. पार छताला टेकलंय म्हणे." तिने ग्लास माईंच्या शिलाई मशीनजवळच्या खिडकीत ठेवला. "पाणी तेवढं तुम्ही बदलत जा, आई. माझ्या लक्षात राहत नाही."

माईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. आजवर कुंडीकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मुलीला एकाएकी झाडाचा पुळका आला होता. आणि उस्तवार मात्र सासूने करायची! मला गुंतवून ठेवायचा डाव आहे हा, त्या मनाशी म्हणाल्या.

त्यांचा नवरा जाऊन जमाना झाला होता. मग मुलगाही गेला, आणि घरात दोघीच उरल्या. माई लोकांच्या पँटी आखूड करून द्यायच्या, झिपा बदलायच्या. सुनेने दुसरं लग्न करू नये, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. करावं, असंही म्हणाल्या नव्हत्या. तो विषय निघतोय असं वाटलं, की त्या मशीन सुरू करायच्या.

काही दिवसांनी सुनेने एक कोट आणला. "बाह्या जरा आखूड करायच्यात. काचवाल्यांचा आहे."

माईंनी कोट उलटापालटा करून पाहिला. खांदे रुंद, कापड भारी, शिवण जुन्या वळणाची. कोपरांवर झिजलेला, पण स्वच्छ. माणूस नीटनेटका होता, याचाच त्यांना जास्त राग आला. काम मात्र त्यांनी चोख केलं. हाताला खोटं शिवणं जमतच नव्हतं.

"काय म्हणाले ते?" दुसऱ्या दिवशी न राहवून त्यांनी विचारलं.

"टाका कुठे घातलाय ते दिसतच नाही, म्हणाले." सून हसली. हल्ली ती फारच हसायची.

खालच्या लाँड्रीवालीच्याही ते नजरेतून सुटलं नव्हतं. "माई, सूनबाई खुशीत दिसतात," ती म्हणाली. "काही ठरतंय की काय?"

"मला कोण सांगतंय!" माई म्हणाल्या आणि जिना चढून घरी आल्या.

कोयीला तडा गेला, तेव्हा माई घरात एकट्याच होत्या. खालून पांढरं मूळ डोकावत होतं. त्यांना आनंद झाला आणि लगेच स्वतःचाच संताप आला. संध्याकाळी सुनेने पटकन मोबाइल काढला.

"अगं, मी मधे येतेय."

"येऊ दे. जरा इकडे बघा. हं, आता हसा."

"कोयीच्या फोटोत मी कशाला हसू?"

त्या रात्री नाही, पण त्याच आठवड्यात माईंनी ते ऐकलं. सून गॅलरीत फोनवर बोलत होती, आवाज दबका. "नाही, त्यांना एवढ्यात कळता कामा नये. लगेच दार लावून घेतील... वयाचं म्हणाल तर फारसं अंतर नाहीच... हो, माझ्याकडून पक्कं आहे."

माई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे पक्कंही झालं! ही जाणार, आणि आपण मशीनशी बोलत बसणार. दोन माणसांच्या घरातून एक गेलं की उरतं त्याला घर म्हणतात का, तेच त्यांना कळेना.

सुट्टीच्या दिवशी सून "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून निघाली. माईंनी चपला अडकवल्या आणि अंतर ठेवून मागे चालू लागल्या. दोन गल्ल्या ओलांडून सून एका जुन्या इमारतीत शिरली. माई समोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला थांबल्या. बऱ्याच वेळाने सून बाहेर आली, स्वतःशीच हसत. ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर माईंनी रस्ता ओलांडला.

पहिल्याच मजल्यावर उघड्या खिडकीतून मोठाली हिरवी पानं बाहेर आली होती. विचारायची गरजच नव्हती. त्यांनी बेल दाबली.

दार उघडलं ते पिकल्या केसांच्या एका उंच माणसाने. माईंच्याच वयाचा असेल. माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काचवाले तुम्हीच?"

"हो. तुम्ही... या ना, आत या."

"आत यायला नाही आले मी! मुलीसारखी आहे ती तुम्हाला. लाज नाही वाटत?"

तो गोंधळला. "माझं काही चुकलं का?"

"वर मलाच विचारा! तिच्याशिवाय माझं कोणी नाही. तिला घेऊन जाल, मग मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" माईंचा आवाज फुटला. इतके दिवस धरून ठेवलेलं रडू परक्याच्या दारात आलं, याची त्यांना फार शरम वाटली.

माणसाने घाईघाईने खुर्ची दाराशी आणली. त्या बसल्या. त्याने पाणी आणून दिलं आणि स्वतः उभाच राहिला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"सूनबाईंनी तुम्हाला अजून काहीच विचारलेलं दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझा होकार आहे. तुमचा आला तर त्यांची एकच अट आहे. लग्नानंतर सासूला इकडे पाठवणार नाही म्हणतात, मीच तुमच्या घरी राहायला यायचं."