हायड्रेंजियाची हजामत

सून फाटक ढकलून आत आली, तेव्हा सासरे हायड्रेंजियाची हजामत करत बसले होते.

निम्म्याहून जास्त फुलझाड उतरलं होतं. स्टुलावर बसून ते एकेक फांदी दोन बोटांत धरत होते, मान तिरकी करून अंदाज घेत होते आणि मग कात्री चालवत होते. आयुष्यभर सलून चालवलेला माणूस. झाड कापतानाही खाली जुना टॉवेल अंथरलेला.

“बाबा, थांबा,” सून म्हणाली. धावत जाऊन हात धरावा एवढं त्राण तिच्यात नव्हतं. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, त्यात वाट वाकडी करून ती नर्सरीत जाऊन आली होती.

“आलीस? बघ, मागच्या हिवाळ्यापेक्षा सरस बसलाय की नाही कट?”

झाड सासूबाईंच्या खिडकीसमोर लावलेलं होतं, ते त्यांच्याचसाठी. पाय अधू झाल्यापासून त्यांची खुर्ची खिडकीतून हलली नव्हती. चार वर्षांत झाडाला एक फूल आलं नव्हतं. खत सून घालायची, पाणी सून घालायची, तेव्हा खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे उघडच होतं. हिच्या हाताला गुणच नाही, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. पोस्टमनलासुद्धा सांगून झालं होतं. सुरुवातीला सून हसण्यावारी न्यायची. पुढे पुढे तिला हसू येईनासं झालं. आता तिला एकच फूल हवं होतं, तेही फुलाच्या हौसेने नव्हे. एकदाचं ते बोलणं थांबावं म्हणून.

“नर्सरीवाल्याला आपल्या झाडाचं पान दाखवलं,” ती म्हणाली. “तो म्हणाला, हायड्रेंजियातही जाती असतात. एक जात नव्या फुटीवर फुलते. तिची फुलं निमुळती, पान पातळ. ती हिवाळ्यात कितीही छाटा, चालतं. आपलं पान बघा. जाड, तळहाताएवढं. ही जात गेल्या वर्षीच्या फांदीवरच फुलते. कळी आत्ताच शेंड्यात बसलेली असते.”

“छे, काहीतरीच. कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांचा माळी दर थंडीत मुळापर्यंत कापतो. त्याचं बघूनच तर शिकलो मी. उन्हाळ्यात नुसतं वाकतं त्यांचं झाड फुलांनी.”

“त्यांचं झाड दुसऱ्या जातीचं आहे, बाबा.”

तिने टॉवेलवरचा एक शेंडा उचलला, टोकाची फुगीर कळी नखाने उभी फोडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. आत मोहरीहून बारीक हिरव्या दाण्यांचा झुबका होता, फुलकोबीचा तुरा असावा तसा.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला. मग टॉवेलवरचा दुसरा शेंडा उचलून फोडला. मग तिसरा. तिन्हींत तेच होतं.

“चार वर्षं,” ते म्हणाले.

सुनेला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. नर्सरीपासून घरापर्यंत ती मनात नुसती भांडत आली होती, एकेक वाक्य परजून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही ओठांवर येईना. समोर एक म्हातारा माणूस फोडलेल्या कळ्या हातात घेऊन बसला होता. तिला फार थकल्यासारखं झालं. ती तिथेच पायरीवर बसली.

“काय बिघडवलं हिने आता?” खिडकीतून आवाज आला.

सुनेने पायातल्या चपला काढल्या. चार वर्षं उत्तरं देऊन झाली होती.

सासरे स्टुलावरून उठले, एक हात गुडघ्यावर टेकवत. खिडकीपाशी गेले.

“तिने नाही गं. मी,” ते म्हणाले. “दरवर्षी मीच कापत होतो तुझी फुलं. उगाच बोलत आलो आपण तिला. तिच्या हाताचा काही दोष नाही.”

एवढंच तर ऐकायचं होतं सुनेला, आणि ते मागावंही लागलं नव्हतं.

“पुरे,” सासूबाई म्हणाल्या. “तिच्या चुकांवर पांघरूण घालायला तुम्ही नेहमीच पुढे. हजारो डोकी हाताखालून गेली तुमच्या, आणि काय कापायचं ते तुम्हाला कळत नाही होय? कुणाला सांगताय?”

“अगं, खरंच सांगतोय. हे बघ, ही कळी…”

“मला काही दाखवू नका. दिसतंय मला इथून सगळं. त्या डाव्या बाजूच्या पाच फांद्या कशाला ठेवल्यात तेवढं सांगा. अर्धी डोकी कापून गिऱ्हाईक रस्त्यावर पाठवत होतात का? काढून टाका त्या. फूल नाही तर नाही, निदान नीटनेटकं तरी दिसू दे.”

सुनेने मान वळवून पाहिलं. पाचच फांद्या उरल्या होत्या, उंच, वेड्यावाकड्या, आणि प्रत्येकीच्या शेंड्याला एक फुगीर कळी. तिला हसू फुटलं. आवाज न करता ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं आहे की कसलं, हे तिचं तिलाही कळेना.

“ऐकलंत का? कापा म्हणते ना!”

सासऱ्यांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. तिचं पातं अंगठ्याने पुसलं, ती मिटली आणि खिशात घातली.

“बोथट झालीय,” ते म्हणाले.