अणुभट्टीवाली पोरगी

साक्षीला बघायला दयानंद आई धुरपताबाईंसोबत शिरूर अनंतपाळला गेला खरा, पण पोह्यांची बशी अर्धी व्हायच्या आतच गडी तिच्यावर पार भाळला.

"पोरी, नोकरीत काय करतीस गं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"अणुभट्टीत काय घडेल ते आधी कंप्युटरवर बघतात, मावशी. त्यासाठी अणूंची माहिती दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढायची आणि उत्तरं जुळतात का, ते मी तपासते. एकाच अभंगावर दोन बुवांचं कीर्तन ठेवावं ना, तसं. सांगायची तऱ्हा निराळी, पण अर्थ एकच निघाला पाहिजे."

कीर्तनाचं नाव निघालं आणि धुरपताबाई विरघळल्याच. "लई गुणाची हाय रे," त्या लेकाच्या कानाशी लागल्या.

मग दोघांना अंगणात बोलायला सोडलं. साक्षीनं एवढंच विचारलं, "स्वयंपाक येतो का तुम्हाला?"

"हाव, सगळा येतो की!" दयानंदनं छाती फुगवून ठोकून दिलं.

परतताना गाडीत दयानंदनं तिचा प्रश्न सांगितला, तशी आई म्हणाली, "निघताना कुंकू लावायला आत नेलं, तवा मलाबी तिनं हेच विचारलं बघ."

"मग तू काय म्हणलीस?"

"गळ्यात माळ हाय माझ्या, खोटं कसं बोलू बाबा? म्हणलं, त्याला चहाबी येत न्हाई."

दयानंदचं तोंड एवढंसं झालं. चाकूर यायच्या आधीच मोबाइलवर साक्षीचा मेसेज आला.



"उत्तरं जुळली नाहीत. अशा वेळी आम्ही प्रत्यक्ष प्रयोग करून बघतो. रविवारी या, चहा तुमच्या हातचा."